नंबर न जुळणारे डोळे

चष्मा लागणे ही आता कोणत्याही घरात नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि दुकानात जाऊन नंबर काढावा, चार दिवसांनी चष्मा चढवावा व दूरच्या पाट्या लख्ख दिसू लागाव्यात, हाच बहुसंख्यांचा अनुभव असल्यामुळे, ज्यांच्या डोळ्यांना कोणतीही काच पुरतेपणी मानवत नाही अशा माणसांची अडचण घरच्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. ‘चष्मा आहे ना, मग दिसत कसे नाही?’ हा प्रश्न त्यांना शाळेत, कचेरीत आणि स्वतःच्या घरातही ऐकावा लागतो. म्हणून त्या अडचणीचे मूळ सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला आतल्या पडद्यावर एकत्र आणण्याच्या कामाचा सुमारे दोन-तृतीयांश भार बुबुळासमोरचे पारदर्शक पारपटल उचलते, आणि मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्याचा बाक एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी असला की दृष्टिवैषम्य उत्पन्न होते. ज्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो ते त्यावरचे भिंग इंग्रज खगोलवेत्ता जॉर्ज एअरी याने १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डोळ्यासाठी करवून घेतले होते. परंतु केराटोकोनस या विकारात, जो बहुधा पौगंडावस्थेत किंवा विशीत सुरू होतो, पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येते आणि त्याचा पृष्ठभाग इतका अनियमित होतो की सिलिंडरची काचही अपुरी पडते: अक्षरांना सावल्या फुटतात, रात्री एका दिव्याच्या जागी अनेक दिवे दिसतात.

अशा माणसाची नेत्रतपासणी सावकाशीनेच व्हावयास हवी. यंत्राने काढलेला आकडा हा केवळ आरंभ होय. त्यापुढचा निवाडा रुग्णाच्या जबानीवर अवलंबून असतो. तपासनीस जड फ्रेममध्ये एकामागून एक काचा बसवून ‘ही बरी की ती?’ असे विचारतो, तेव्हा संकोचाने एखादे उत्तर ठोकून देण्यापेक्षा ‘दोन्ही सारख्याच’ किंवा ‘दोन्हींत सावली आहे’ असे खरे ते सांगावे. तक्त्यावरील अक्षर अंदाजाने ओळखले असेल तर तेही सांगावे. बारीक छिद्राच्या चकतीतून पाहताच अक्षरे स्वच्छ झाली, तर दोष बहुतांशी प्रकाशाच्या वक्रीभवनात आहे असा दाखला मिळतो. सिलिंडरचा अक्षही बिनचूक हवा, कारण तो ३० अंशांनी चुकला तर उरणारा दोष मूळ दोषाइतकाच राहतो. म्हणूनच मोठा सिलिंडर असलेल्याने नाकावर कलंडणारी फ्रेम वेळीच नीट करून घ्यावी.

काच हरली म्हणजे उपाय खुंटले असे मात्र नाही. पारपटलावर कडक कॉन्टॅक्ट लेन्स बसविली की दोहोंमधील पोकळी अश्रूंनी भरते आणि ओबडधोबड पृष्ठभागाऐवजी एक गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाशास मिळतो. आडोल्फ फिक याने काचेच्या लेन्सांचे असे प्रयोग १८८८ मध्येच प्रसिद्ध केले होते. आजच्या लेन्स प्राणवायू आत जाऊ देणाऱ्या पदार्थांच्या असतात, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स पुष्कळांना अधिक सुसह्य वाटते. त्या महाग पडतात, घालण्या-काढण्याचा सराव लागतो, आणि त्यांना नळाचे पाणी लावण्याची मुभा मुळीच नाही. विकार वाढता असेल तर रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या योगे पारपटल बळकट करण्याची क्रॉस-लिंकिंग ही चिकित्सा त्याची वाढ बहुधा थोपवते. मात्र तिने चष्मा सुटतो असे नाही. थोड्यांना पारपटलाचे रोपणच करावे लागते.

यात वेळेचे महत्त्व सर्वाधिक आहे, कारण जे थोपविता येते ते मुदत टळल्यावर परत फिरविता येत नाही. म्हणून पालकांना आग्रहाची विनंती अशी, की मुलाचा सिलिंडर वरचेवर बदलत असेल, किंवा ॲलर्जीच्या खाजेने ते सतत डोळे चोळत असेल, तर केवळ नवा चष्मा करून थांबू नका. चोळणे बंद करवा, खाजेवर औषध घ्या, नंबराचे जुने कागद जपून ठेवा आणि ते घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन पारपटलाची टोपोग्राफी करून घ्या.