सायकलवरून खिंडी ओलांडताना

नकाशात हिमाचल प्रदेशातील मनाली आणि लडाखमधील लेह शोधा. त्यांना जोडणारा रोहतांगमार्गे जाणारा रस्ता सुमारे ४७५ किलोमीटरचा. उन्हाळ्यात बर्फ हटले, की मित्रांच्या टोळ्या सायकलींवरून या वाटेला लागतात. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर, लेह ३,५०० मीटरवर. म्हणजे चढ अवघा दीड हजार मीटरचा? मुळीच नाही! वाटेत रोहतांग (३,९८० मीटर), बारालाचा (४,८९०), लाचुलुंग (५,०६०) आणि टांगलांग (५,३३०) या खिंडी आहेत. कमावलेली उंची दर वेळी गमवायची आणि पुन्हा कमवायची!

चढणीचा हिशोब

समजा, तुमचे, सायकलचे आणि सामानाचे मिळून वस्तुमान १०० किलोग्रॅम आहे. १,००० मीटर चढण्यासाठी करावे लागणारे कार्य १०० × ९.८ × १,००० = ९,८०,००० जूल. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी फार तर पाव भाग पायडलला देतात. बाकीची उष्णतेच्या रूपाने जाते. तेव्हा एवढ्या चढणीसाठी सुमारे ९४० किलोकॅलरी खर्ची पडतात. घर्षण आणि वारा यांचा हिशोब वेगळाच.

मग गिअर काय करतो? पुढच्या दातेरी चाकाला २४ आणि मागच्याला ३२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पाऊण फेराच फिरते. जोर कमी लागतो, पण फेरे वाढतात. कार्य तेवढेच राहते! सर्चूच्या पुढे गाटा लूप्स नावाचा २१ वळणांचा घाट आहे. तोही हेच करतो. वाट लांबवून चढ सौम्य करतो. आता तुमच्या सायकलचे दाते मोजा आणि तिचे गुणोत्तर काढा पाहू.

निम्मी हवा

टांगलांगवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम निम्मा असतो. हवेत ऑक्सिजन तेथेही २१ टक्केच. पण एका श्वासात येणारे त्याचे रेणू मात्र निम्मे. पाणी सुमारे ८३ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून कुकरवाचून डाळ शिजता शिजत नाही.

शरीर श्वास वाढवून ही उणीव भरून काढू पाहते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम आहे. घाई केली तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. ही लक्षणे दिसली, की आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसांत पाणी साचत असेल किंवा मेंदूला सूज येत असेल. तेव्हा ताबडतोब खाली उतरवणे हाच खरा उपाय.

आता सर्चू पाहा. हा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरवर, बारालाचा आणि लाचुलुंग यांच्या मध्ये आहे. येथून पुरेसे खाली जायचे, तर आधी एखादी खिंड चढावीच लागते! म्हणून बारालाचा ओलांडण्यापूर्वीच प्रत्येकाची प्रकृती पारखून घ्यायला हवी. दुखणे लपवणारा मित्र शूर नव्हे, आणि त्याला मागे टाकून पुढे जाणारेही नव्हेत. टोळीचा वेग सर्वांत सावकाश चढणाऱ्याने ठरवावा. विरळ हवेचे शास्त्र हेच सांगते.