पेनिसिलिनचे वावडे : निदान आणि फेरतपासणी

‘या रुग्णास पेनिसिलिन चालत नाही’ अशी नोंद पुष्कळांच्या केसपेपरवर बालपणीच होते आणि पुढे आयुष्यभर कायम राहते. ती कोणत्या कारणाने झाली, हे बहुधा कोणाच्याही स्मरणात नसते. तथापि, तिच्यामुळे प्रत्येक आजारात औषधाची निवड बदलते. म्हणूनच या नोंदीची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडन येथे पेनिसिलिनचा शोध लावला. महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर अनेक नवी प्रतिजैविके आली. परंतु काही रोगांत पेनिसिलिनचे महत्त्व आजही अबाधित आहे. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलांच्या हृदयाच्या झडपा सुरक्षित राहाव्यात म्हणून त्यांना दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. उपदंश झालेल्या गर्भवतीच्या उपचारासाठीही पेनिसिलिनचीच शिफारस केली जाते. चुकीच्या नोंदीमुळे असे रुग्ण हक्काच्या औषधाला मुकतात. त्याऐवजी अधिक व्यापक परिणामाची, बहुधा महागडी औषधे वापरली जातात आणि औषधांना दाद न देणारे जंतू फोफावतात.

खरे वावडे कोणते?

खऱ्या वावड्यात, म्हणजेच ॲलर्जीत, शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधालाच शत्रू समजते. तीव्र प्रकारात औषध घेतल्यापासून काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांध्या उठतात, ओठ व चेहरा सुजतो, दम लागतो, रक्तदाब उतरतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन त्वरित देणे हाच मुख्य उपाय होय. दुसऱ्या प्रकारात काही दिवसांनी पुरळ येते; ते बहुधा सौम्य असते. मात्र क्वचित त्वचा सोलवटते आणि तोंडात व डोळ्यांत फोड येतात. अशा रुग्णाला ते औषध पुन्हा, चाचणीपुरतेही, देऊ नये.

याउलट औषधाने होणारी मळमळ किंवा जुलाब, इंजेक्शनच्या भीतीने आलेली घेरी, विषाणूजन्य तापात मुलांच्या अंगावर उठणारे पुरळ, यांनाही ‘ॲलर्जी’ म्हटले जाते. अमेरिकेत शंभरापैकी सुमारे दहा रुग्णांच्या कागदांवर पेनिसिलिनच्या वावड्याची नोंद आढळते. पण रीतसर तपासणी केली असता अशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध निर्धोक ठरते.

निदान कसे होते?

प्रथम डॉक्टर पूर्वीच्या घटनेची बारकाईने विचारपूस करतात. आवश्यक वाटल्यास त्वचेवर औषधाचा सौम्य द्राव ठेवून टोचतात आणि काहीच न उमटल्यास तो त्वचेच्या थरात अल्प प्रमाणात टोचतात. पंधरा ते वीस मिनिटांनी गांधी उठली का, हे पाहिले जाते. ही चाचणी निर्दोष आली, तर तोंडावाटे औषधाची मात्रा देऊन रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. पूर्वीची घटना जुनी व सौम्य असल्यास अलीकडे त्वचाचाचणीवाचूनही अशी मात्रा दिली जाते. हे सारे ॲड्रेनॅलिन व तज्ज्ञ जेथे सज्ज असतील, अशा रुग्णालयातच करावयाचे असते. घरी औषध घेऊन पाहण्याचे धाडस कोणीही करू नये.

फेरतपासणी कशासाठी?

तीव्र प्रतिक्रियेनंतर लगेच केलेली त्वचाचाचणी फसवी ठरू शकते. कारण त्या काळात त्वचा काही दिवस प्रतिसाद देत नाही. म्हणून सामान्यतः चार ते सहा आठवडे थांबतात. त्यापूर्वी चाचणी केली असल्यास ती पुन्हा करणे इष्ट असते. खाज वा सर्दीवरील ॲलर्जीविरोधी गोळ्या चालू असल्यासही निष्कर्ष चुकतो. त्या केव्हा थांबवाव्यात, हे डॉक्टरच ठरवितात.

दुसरे कारण काळाचे आहे. तीव्र प्रकारचे खरे वावडेही बहुधा टिकत नाही. दहा वर्षांनंतर सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये ते नाहीसे झालेले आढळते. त्यामुळे लहानपणीची नोंद प्रौढपणी पुन्हा तपासून घेणे उचित होय.

नोंद नीट ठेवावी

औषधाने त्रास झाल्यास पाच गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात : औषधाचे नाव, तारीख, कितव्या मात्रेनंतर व किती वेळाने त्रास झाला, लक्षणे कोणती होती आणि कोणता उपचार करावा लागला. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांना आणि पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांना ही सवय लावावी. ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेण्यास सुचवावे. ते योग्य रुग्णालयाकडे पाठवू शकतील. तपासणीत वावडे नसल्याचे सिद्ध झाल्यास जुनी नोंद सर्व कागदांवरून काढून घ्यावी आणि घरच्यांनाही तसे सांगावे. तसेच वावडे असल्याचे सिद्ध झाल्यास औषधाच्या नावाची स्पष्ट चिठ्ठी रुग्णाने सदैव जवळ बाळगावी.