फोटो छान आले, पण शिकलो काय?

ज्यांना कानात इअरफोन घालायचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय.

माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात ती पर्यावरण आणि नेतृत्वाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आली. परदेशातले शिक्षकही होते. मी विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, "फोटो छान आले." हसलो आम्ही, पण तिला ते लागलं होतं. सोमवारी वर्गात नक्की करायचं काय, हे तिला सुचतच नव्हतं.

तेव्हा मी तिला कॅथरीन हाइलमनची गोष्ट सांगितली. लंडनची ही बाई १९३२ मध्ये भारतात आली, उदयपूरच्या विद्याभवनात शिकवायला लागली आणि मग आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला पोचली. तिथे 'नई तालीम' चालू होती. म्हणजे कसं, तर कापूस पिकवायचा, सूत कातायचं, शेत आणि सफाई बघायची आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकायचं. शिकवणाऱ्यानेही हात मळवायचे, यात सूट नाही! इथे ती अनेक वर्षं राहिली. लोक तिला सरला बेन म्हणू लागले.

मलेरियाने बेजार झाली म्हणून हिमालयात, कौसानीला गेली. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास झाला. १९४६ मध्ये तिने मुलींसाठी लक्ष्मी आश्रम सुरू केला.

आता खरी गंमत. डोंगरात मुलगी शाळेत गेली तर गवत कोण कापणार, गाय कोण बघणार? सरला बेननी हीच कामं शाळेत आणली. गोठा, भाजीचा वाफा, स्वयंपाक, लोकर कातणं, सगळं अभ्यासक्रमात. आणि मला वाटतं, देवाणघेवाण इथेच झाली. बांजचं, म्हणजे ओकचं जंगल गेलं की चारा लांब जातो, झरा आटतो. पाठीवर भारा वाहिलेल्या मुलीला हे पुस्तकातून सांगावं लागत नाही. उलट बाहेरून आलेल्या बाईलाच ते तिच्याकडून शिकावं लागतं.

या मुली पुढे नुसत्या शिक्षिका झाल्या नाहीत. विमला नौटियाल भूदानात गावोगाव फिरल्या. लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सुंदरलाल बहुगुणांना अट घातली: पक्षाचं राजकारण सोडा, खेड्यात राहा. १९५६ मध्ये लग्न झालं आणि दोघांनी सिल्याऱ्याला आश्रम काढला. राधा भट्ट यांनी पुढे लक्ष्मी आश्रमाची धुरा घेतली. १९७३ मध्ये चिपको उभं राहिलं तेव्हा गावातल्या बायकांशी बोलू शकणारी माणसं आधीपासून तयार होती, ती अशी. अर्थात सगळं श्रेय एका आश्रमाला देऊ नका हं! १९७४ मध्ये रेणीचं जंगल वाचवणाऱ्या गौरा देवी अशा कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या.

मैत्रीण गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आधी पोरांनाच विचारायला हवं." तिने पाचवीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिलाय: तुमच्याकडे पाणी कोण भरतं, कुठून, किती खेपा? वह्या आल्या की पुढच्या भागात वाचून दाखवते.