सिंक तुंबलं? आधी खालच्या मजल्यावर विचारा

गौरीचं तिखटाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. लालबाग, करी रोड, काळाचौकी, नायगाव, सगळीकडून एकच तक्रार असते: "दादा, सिंक तुंबलंय, पाणी उतरतच नाही." आमच्याकडच्या कितीतरी कोकणी घरांत गौरीला वडे-सागोतीचा नैवेद्य असतो. पन्नास माणसांची जेवणं दहा बाय बाराच्या खोलीत रांधली जातात, आणि टोप, कढया, ताटं सगळं एकाच सिंकात घासलं जातं. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यातही हेच. गिरगावात शाकाहारी घरांतून फोन येतो तेव्हा चरबीच्या जागी साजूक तूप आणि चकलीचं तेल असतं, एवढाच फरक.

माझे वडील परळच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली. मग पाना-पक्कड घेऊन त्यांनी चाळीचाळींतून नळाची कामं धरली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते सांगायचे, पिशवीतून हत्यार काढायच्या आधी तीन प्रश्न विचार. तुंबलेलं सिंक स्वतः मोकळं करायचं असेल तर तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

अडलंय कुठे?

पहिला प्रश्न: फक्त सिंकच तुंबलंय की मोरीतलं पाणीही अडलंय? मोरी मोकळी वाहत असेल तर अडथळा सिंकाखालीच आहे, हाताच्या अंतरावर. सिंकात पाणी सोडल्यावर मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल किंवा पाणी वर येत असेल, तर अडथळा दोन्हींच्या पुढच्या पाइपात आहे.

दुसरा प्रश्न: वरच्या-खालच्या घरांत काय चाललंय? चाळीत स्वयंपाकघरं एकावर एक असतात. सगळ्यांच्या मोऱ्या मागच्या बोळात, म्हणजे हाऊस गल्लीत, उतरणाऱ्या एकाच उभ्या पाइपाला जोडलेल्या असतात. तो पाइप खाली तुंबला की वरच्या मजल्यावर कुणालाच पत्ता लागत नाही. त्यांचं पाणी छान उतरत असतं. ते बाहेर येतं तळमजल्यावर.

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या काकींनी मला मोरीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "थांब जरा, दुसऱ्या मजल्यावर आता भांडी घासायला घेतील." पाच मिनिटांत जाळीतून पाणी वर आलं. आधी चहाचा चोथा आला, मग भाताची शितं, मग त्यावर तरंगणारा पिवळा तवंग. काकींच्या घरात त्या दिवशी चूलही पेटली नव्हती, उपास होता. वरच्या तीन घरांचं खरकटं त्यांच्या पायाशी आलं होतं. त्या फडक्याने बांध घालून पिंपाकडे जाणारं पाणी अडवत होत्या, आणि वर कुणाला काही बोलायचं त्यांना जड जात होतं. अशा वेळी वरच्या घरात कितीही पंप मारा, उपयोग शून्य. खाली चेंबर उघडूनच काम करावं लागतं.

पावसाळ्यात तिसरा प्रश्नही विचारायचा: बाहेर पाणी भरलंय का? मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. त्याहून जोराचा पाऊस भरतीच्या वेळी पडला की हिंदमाता, परळ भागात रस्त्यावर पाणी साचतं आणि ते सांडपाण्याच्या चेंबरमध्येही शिरतं. तेव्हा तुमच्या मोरीतलं पाणी जाणार कुठे? अशा वेळी वाट बघायची, पाइपात काही ओतायचं नाही.

हाताने करायचं काम

अडथळा तुमच्याच सिंकात आहे असं ठरलं की तांब्याने पाणी उपसून बादलीत काढा. तळाशी चार बोटं पाणी राहू द्या. रबरी पंप कोरड्या सिंकात पकड घेत नाही, त्याची वाटी पाण्यात बुडलेली हवी. सिंकाला वरच्या बाजूला भोक असेल तर त्यात ओलं फडकं घट्ट कोंबा. सिंक आणि मोरी एकाच पाइपावर असतील तर मोरीच्या जाळीवरही ओलं फडकं दाबून धरायला कुणाला तरी बसवा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. मग एका लयीत पंधरा-वीस वेळा पंप मारा आणि शेवटी झटक्यात वर ओढा. लोक फक्त दाबण्यावर जोर देतात. दाबल्याने गोळा पुढे सरकून आणखी घट्ट बसू शकतो, ओढल्याने तो हलतो आणि फुटतो.

एवढ्याने भागलं नाही तर सिंकाखाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅप उघडा. प्लास्टिकची ती बाटली खालून हातानेच फिरते. पक्कड लावू नका, आटे तुटतात. आतली रबरी रिंग कुठल्या बाजूने बसली होती ते बघून ठेवा. बाटलीत काय असतं ते एकदा प्रत्येकाने डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. वर पांढरट, मेणासारखा घट्ट थर. त्याखाली काळी पडलेली चहापत्ती. तिच्यात रुतलेले माशाचे खवले, नारळाच्या शेंडीचे धागे, फुगलेला भात. तळाशी कधी चमचा, कधी कानातल्याची फिरकी. हे सगळं बादलीत काढा, जुन्या ब्रशने बाटली घासा, रिंग बसवा आणि हातानेच आवळा. बादलीतला गाळ ओल्या कचऱ्यात टाका. तो परत मोरीत ओतलात तर सगळी मेहनत वाया.

आपल्याकडे पुष्कळ घरांत बॉटल ट्रॅप नसतोच. सिंकाखालून कड्याकड्यांचा लवचीक पाइप निघतो आणि थेट मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. त्या प्रत्येक कड्यात तेल साचतं. तो पाइप सोडवून मोरीत धुवा. फार जुना असेल तर बदला, स्वस्त असतो. बसवताना लांबी बेताची ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथेच गाळ बसतो.

नहाणी ट्रॅप साफ करताना जाळी काढा, हातमोजा घालून आतली वाटी उचला, गाळ काढा आणि वाटी परत जागेवर ठेवा. पाणी पटकन जावं म्हणून ही वाटी फेकून देणारी घरं मी बघतो तेव्हा जीव तुटतो. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं. गटारातला वायू, झुरळं आणि वास यांना घराबाहेर ठेवणारं एवढंच दार आपल्यापाशी असतं. पाइपाला वळण देऊन त्यात पाणी अडवायची युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी पेटंट केली. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक लोकांना झाली. कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरांत आली, हे त्याचं एक मोठं कारण तपासात पुढे आलं. म्हणून महिनाभर गावी जाऊन आलात की आल्याबरोबर मोरीत तांब्याभर पाणी ओता.

पुढच्या पाइपासाठी स्प्रिंग लागते. ती ढकलायची नसते, फिरवत फिरवत आत सोडायची असते. अडथळा लागला की हाताला कळतं, तिथे फिरवत राहायचं आणि घाण अडकली की सावकाश ओढायचं. हाऊस गल्लीतल्या लांब पाइपासाठी बांबूच्या कामट्या वापरतात, पण ते काम घरी करायचं नाही.

ओतायचं काय, ओतायचं नाही काय

मटणाची चरबी चाळीस अंशांच्या खाली घट्ट होते. खोबरेल तेल तर मुंबईच्या जानेवारीतही बाटलीत गोठतं. म्हणून गरम पाण्याचा उपयोग होतो. पण उकळतं पाणी नको, पीव्हीसीचा पाइप नरम पडतो आणि सांधे सुटतात. अंघोळीच्या पाण्याहून थोडं कडक पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण, एवढं रात्री भांडी झाल्यावर ओतलं तर ताजा थर निघून जातो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला जोरदार असतो. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि खाली उरतं जवळजवळ साधं खारट पाणी. जुन्या चरबीला त्याने काही होत नाही.

कॉस्टिक सोडा चरबी खातो हे खरं आहे. पण तो पाण्यात पडला की स्वतःच तापतो, उसळतो आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. पाणी पूर्ण तुंबलेलं असताना तो खाली जातच नाही, अर्धवट विरघळून पाइपातच दगडासारखा बसतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला लागला तर पेट घेणारा हायड्रोजन वायू तयार होतो. बाथरूमचं ॲसिड जुन्या बिडाचा पाइप आणि सिमेंटचे सांधे खातं. आणि ॲसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. तुम्ही आधी काही ओतलं असेल तर आलेल्या माणसाला दारातच सांगा. तो त्या पाण्यात हात घालणार आहे.

पुढे हे जातं कुठे

आपल्या सिंकातून उतरलेलं तेल हाऊस गल्लीच्या चेंबरमध्ये, तिथून रस्त्याखालच्या मलवाहिनीत जातं. शहर भागातलं बरंचसं सांडपाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनला पोचतं आणि तिथून तीन किलोमीटरहून जास्त लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडलं जातं. या वाटेवर तेल थंड होतं, सिमेंटमधल्या कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा टणक साबण बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली अशा चरबीचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा गटारात सापडला होता. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले.

आपल्याकडे तो कोण फोडतो? हाऊस गल्लीत वरून फेकलेल्या कचऱ्यातून वाट काढत कामगार जातो आणि चेंबर मोकळा करतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे. गटारात जीव गेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे माणसं अजून मरत आहेत. चेंबर तुंबला म्हणून चाळीच्या कमिटीने कुणाला पाचशे रुपये देऊन आत उतरवणं हा गुन्हा आहे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार करा आणि यंत्राने काम करून घ्या.

चाळींच्या जागी टॉवर झाले म्हणून यातून सुटका नाही. बीडीडीच्या २०७ चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, खोली १६० चौरस फुटांची. वरळीत २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काचं, ऐसपैस घर मिळाल्याचा आनंद मीही त्या लोकांबरोबर साजरा केला. पण तिथेही स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर आहे आणि पाइप सामाईकच आहे. उलट आता एका पाइपावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त घरं आहेत.

म्हणून माझं मागणं सोपं आहे. कढई, टोप, ताट घासायच्या आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरा, सिंकात एक थेंबही नको. सिंकाला बारीक भोकांची स्टीलची जाळी बसवा. चहाचा चोथा कुंडीत घाला, खवले कागदात गुंडाळा, पीठ कालवलेलं भांडं आधी खरवडून घ्या. आणि श्रावणात चाळीची, सोसायटीची मीटिंग होईल तेव्हा मंडपाच्या वर्गणीबरोबर उभी लाइन आणि चेंबर धुऊन घेण्याचा खर्चही विषयपत्रिकेवर घ्या. तो खर्च वरपासून खालपर्यंत सगळ्या घरांनी सारखा वाटून घ्यावा. तळमजल्यावरच्या घराकडून जास्त मागू नका. तुंबतं त्यांच्याकडे, पण ते फक्त त्यांचं नसतं.