कोकमाचे कलम पारखताना

डाळीला आंबटपणा आणणारे आमसूल ठाऊक नाही, असे घर विरळाच. तिथीच्या दिवशी जेथे लीलोतरी वर्ज्य असते, तेथे लिंबू-टोमॅटो बाजूला राहतात आणि या काळपट, सुकलेल्या सालीवरच काम भागते. किराण्याच्या पेढीवर ती पोत्यांनी येते व किलोच्या भावाने जाते. तिचे झाड मात्र पेढीवरच्या फार थोड्यांनी पाहिलेले असते. ते झाड म्हणजे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातील कोकम. त्याच्या ताज्या फळाला कोकणात रातांबा म्हणतात, गोव्यात भिरंड. आग्नेय आशियातील मँगोस्टीन हा त्याचा सख्खा भाऊबंद.

कोकणात थोडी जमीन घेऊन फळबाग करावी, असा विचार अलीकडे अनेक शहरी कुटुंबांत होतो. आंबा-काजूच्या जोडीला कोकम लावावे, हा सल्लाही मिळतो, आणि तो चुकीचा नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढण्याची सवय कोकमाला जंगलातूनच लागलेली आहे. पावसाळी उताराची जांभी जमीन त्याला मानवते, आणि एकदा रुजल्यावर ते फारशी निगा मागत नाही. गफलत होते ती रोपे घेताना.

कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. (काही थोड्या झाडांवर दोन्ही प्रकारची फुले दिसतात, पण त्यांच्या भरवशावर बाग उभी राहत नाही.) नराला फुले येतात, फळ धरत नाही. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात. पाने, खोड, वाढ यांवरून ती ओळखू येत नाहीत. पहिले फूल दिसायला सात-आठ वर्षे लागतात. ज्याने स्वस्त म्हणून शंभर रोपे लावली, त्याला आठव्या वर्षी कळते की खड्डे, खत, पाणी आणि राखण यांवरचा जवळजवळ अर्धा खर्च फळ न देणाऱ्या झाडांवर झाला. पैसा गेला तर पुन्हा उभा करता येतो. गेलेली आठ वर्षे कोणत्याही खात्यात परत जमा होत नाहीत.

यावरचा उपाय म्हणजे मृदुकाष्ठ कलम. बियांपासून केलेल्या कोवळ्या रोपावर फळ देणाऱ्या मादी झाडाची कोवळी काडी बांधतात. झाड मादीच होणार याची त्यामुळे खात्री राहते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसू लागते. काडी निवडताना मात्र एक बारकावा सांभाळावा लागतो. ती सरळ वर वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची काडी बांधली, तर झाड उंच न होता जमिनीलगत पसरत राहते. म्हणून रोपवाटिकेत केवळ हिरवेगारपणा पाहू नये. जोड नीट बसला आहे का, शेंडा सरळ आहे का, हे पाहावे आणि काडी कोणत्या मातृवृक्षाची, हे विचारून घ्यावे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली. तिचा मोठा गुण म्हणजे ती लवकर पिकते. एप्रिल ते जून हा रातांब्याचा हंगाम. त्याच्या शेवटी पाऊस उभाच असतो. पावसात सापडलेले फळ गळते, कुजते, आणि हाती आलेली साल वाळवायला ऊन उरत नाही. पंधरा दिवस आधी पिकलेला रातांबा म्हणजे घरात आलेला माल.

सगळीच झाडे मादी लावणेही बरे नाही. परागीभवनासाठी दहांत एक नर ठेवण्याची शिफारस आहे. जुन्या बागेत नर निघाले म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाकी निगा साधी आहे. सहा मीटर अंतरावर, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात पावसाच्या सुरुवातीला कलम लावावे, त्याला काठीचा आधार द्यावा आणि पहिल्या उन्हाळ्यात सावली करावी. पहिली दोन वर्षे हिवाळा-उन्हाळ्यात पाणी हवे. जोडाखाली फुटणारे धुमारे वेळच्या वेळी खुडावेत. ते मूळ रोपाचे असतात, आणि दुर्लक्ष झाले तर कलमाला मागे टाकून तेच वाढतात. शेणखत पहिल्या वर्षी झाडाला दोन किलो, पुढे वाढवत दहाव्या वर्षी वीस किलोपर्यंत न्यावे.

फळ हाती आल्यावर वाया जाते असे थोडेच. साल वेगळी करून उन्हात वाळवतात, गराच्या रसात बुडवून पुन्हा वाळवतात. असे काही पुट चढले की लालभडक सालीचे काळपट आमसूल होते. पुट चुकवून नुसत्या मिठावर सुकवलेला माल वजनाला भरतो, आंबटपणाला उणा पडतो. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीचा आधार. साखरेत साली मुरवून अमृत कोकम होते. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येते. निवल्यावर ते पांढरट, घट्ट होते. त्याचे गोळे वळून ठेवतात. हेच भिरंडेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांसाठी कोकणातल्या घरांत त्याचा एखादा गोळा हाताशी असतोच.