साल्व्हियाचं ठोंब फोडताना

गेल्या फेब्रुवारीत मला एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई आहे, पण माझ्या दिवंगत सहकाऱ्याची ती मुलगी, म्हणून माझ्या लेखी मुलगीच. म्हणाली, "काका, बाबांचं ते जांभळ्या तुऱ्यांचं झाड तुमच्याकडे अजून आहे ना?" त्यांचा पुण्यातला बंगला पाडून तिथे इमारत झाली, बाग गेली. बाग जायच्या कितीतरी आधी त्यांनी मला त्यातलं एक ठोंब दिलं होतं, आणि ते मी पासलीला नेऊन लावलं होतं.

"आहे" हा शब्द तोंडात आला आणि मी अडखळलो. कारण त्यांनी दिलेलं ठोंब दुसऱ्याच पावसाळ्यात कुजलं. आज माझ्याकडे आहे ते त्याच्या तुकड्याच्या तुकड्याचा तुकडा. मग ते बाबांचं झाड म्हणायचं का? मी शेवटी "आहे" असंच सांगितलं. ते खरं होतं की नाही, हा आजचा विषय. पण त्याआधी ठोंब कसं फोडतात हे सांगणार आहे, कारण हाताला माती लागल्याशिवाय या प्रश्नाचा नीट विचार होत नाही, असं माझं मत झालंय.

साल्व्हिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो लाल. 26 जानेवारीला झेंड्याच्या चौथऱ्याभोवती कुंड्या मांडतात, त्यात झेंडू, पिटुनिया आणि हा लालभडक. तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स, मूळचा ब्राझीलचा. पण साल्व्हियाच्या जाती हजाराच्या आसपास आहेत. सगळ्या तुळशीच्या कुळातल्या. कोवळा दांडा चिमटीत धरून फिरवून बघा, चार कडा बोटांना लागतील. तुळशीचा दांडाही असाच चौकोनी. चिया म्हणून जे बी विकतात तेही एका साल्व्हियाचंच. सब्जा मात्र नाही, तो तुळशीचा सख्खा. आणि 2017 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही साल्व्हियात घालून टाकलं. झुडपाला त्याचा पत्ता नाही. आमच्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं तेव्हा आमच्या भातालाही नव्हता.

हे सांगायचं कारण असं की 'साल्व्हिया कसा फोडायचा' या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी कुठला ते विचारायचं, मग कोयता हातात घ्यायचा. लाल साल्व्हिया एका हंगामाचा धरायचा. तो एकाच खोडावर उभा असतो; फोडलात तर दोन अर्धी मेलेली झाडं मिळतील. त्याचं बी ऑक्टोबरात पेरावं, मातीने जाड झाकू नये, नुसतं दाबावं. त्याला उजेड लागतो. निळ्या तुऱ्यांचा फॅरिनेशिया दोन-तीन वर्षं टिकतो, पण त्याच्या फांद्या छाटून रुजवणं जास्त भरवशाचं. स्वयंपाकात वापरतात तो सेज बुंध्याशी लाकडासारखा होतो, त्यालाही फोडू नये. फांदी वाकवून मातीत दाबावी, मुळं फुटली की तोडावी. आमच्या पासलीत तो पावसाळा काढत नाही, मी नाद सोडला. सुरुवातीला एका रोपवाटिकेतून 'बारमाही आहे' असं सांगून दिलेली बारा रोपं मी लावली होती. ती लाल निघाली. एप्रिलपर्यंत बारा महिने संपले होते त्यांचे.

फोडायला योग्य तो ल्युकॅन्था, मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. बाबांचं झाड ते हेच. कंबरभर वाढतं, पानं लांबट आणि खालून पांढुरकी, कोवळ्या दांड्यांवर पांढरी लव. ग्रीक नावाचा अर्थ 'पांढऱ्या फुलांचा'. लोक म्हणतात, पांढरा कुठे, हा तर जांभळा! जांभळं मखमली दिसतं ते फुलाचं बाहेरचं आवरण, निदलपुंज. खरं फूल त्यातून डोकावतं ते पांढरंच, आणि ते लवकर गळून जातं. आपण कौतुक करतो ते आवरणाचं. असो.

आता पासली. वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे एखाद्या जुलैतच तेवढा होऊन जातो. भाताला ते मानवतं. साल्व्हियाचा बळी जातो, पण पाण्याने नव्हे, गुदमरून. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, मुळं त्यावर जगतात. पोकळी दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिली की मुळं मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. माझं पहिलं ठोंब मी सपाट जमिनीत, खाचराच्या बांधाखाली लावलं होतं. वरून हिरवं दिसत होतं, पोळ्याच्या सुमारास हात लावला तर अख्खं हातात आलं. वाचलं ते एवढ्याचसाठी की त्याच्या कडेचा एक फुटवा मी सहज कुंडीत लावून पडवीत ठेवला होता. विचार करून नव्हे. कुंडी रिकामी होती म्हणून.

तेव्हापासून नियम केला. जमिनीत लावायचं ते दीड फूट उंच गादीवाफ्यावर, तांबड्या मातीत निम्मा मुरूम घालून, वाफ्याभोवती चर काढून. आणि काहीही झालं तरी एक तुकडा पडवीत छपराखाली.

फोडायची वेळ शिमग्याच्या आसपास. तोवर तुरे संपलेले असतात, थंडी ओसरते आणि बुंध्याशी हिरवे कोंब दिसू लागतात. आदल्या दिवशी पाणी द्यावं. सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटाव्यात. मग बुंध्यापासून हातभर अंतर सोडून चोहोबाजूंनी पहारीने सैल करत ठोंब मातीसकट उचलावं, आणि माती हलक्या हाताने झाडावी. मुळं दिसल्याशिवाय कापू नका. इथेच घाई होते.

आता ठोंब नीट बघा. मधला भाग जुना, लाकडासारखा, त्यावर कोंब थोडे. कडेला मात्र आडवे धुमारे जमिनीखालून सरकत गेलेले आणि प्रत्येकाला स्वतःची बारीक मुळं. कापायचं ते कडेचं. लागवडीला किती फुटवे ठेवायचे ते मला पुस्तकाने नाही, शेजारच्या मावशींनी सांगितलं. मी एकेक काडी वेगळी करत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आवो सर, आवणीला दोन-तीन काड्यांची चूड लावतो का नाय आपण? एकली काडी कशाला?" तेव्हापासून दोन-तीन कोंब, त्यांच्या मुळांसकट, एकत्र ठेवतो. कोयत्याला धार हवी. बोथट कोयत्याने चेचलेली जखम कुजते. मधलं लाकूड टाकून द्यायचं. पहिल्या वर्षी ते माझ्याच्याने टाकवेना, कारण बाबांनी दिलेलं 'मूळ' तेच, असं वाटत होतं. म्हणून लावलं. ते फुटलं नाही.

तुकडा आधी जेवढा खोल होता तेवढाच खोल लावावा, दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर. आठ-दहा दिवस सावली हवी. मी पेंढ्याचा आडोसा करतो. कुजलेलं शेणखत ओंजळभर, जास्त नाही. खत जास्त झालं की पानंच माजतात आणि ऑगस्टच्या वाऱ्यात झाड आडवं होतं. जूनपासून शेंडे खुडत राहावं म्हणजे फांद्या वाढतात, पण ऑगस्टअखेरीस हात आवरावा. दिवस लहान होऊ लागले की हे झाड कळ्या धरतं. त्याला रात्र मोठी हवी. ओट्यावरच्या दिव्याखाली एक झाड होतं ते इतरांच्या मागून फुललं. मी रात्री वाचत बसायचो त्याची ती किंमत.

कापण्याआधी मुळांवर गाठी आहेत का तेही बघा. सूत्रकृमींच्या गाठी असतील तर ते ठोंब फोडायचं नाही, जाळायचं. तुकड्याबरोबर फुलं जशी येतात तसा रोगही येतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. ॲरिस्टॉटलने जीवतत्त्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात याच गोष्टीची दखल घेतली आहे. काही वनस्पती तोडल्या तरी त्यांचे तुकडे जगतात, तेव्हा त्यांच्यातलं जीवतत्त्व प्रत्यक्षात एक आणि संभाव्यतेत अनेक असलं पाहिजे, असं तो म्हणतो. वर्गात हे मी तीसेक वर्षं शिकवलं. ठोंब हातात धरून कडेचे धुमारे पाहिले तेव्हा 'संभाव्यतेत अनेक' म्हणजे काय ते दिसलं. जैन विचारवंत आणखी बारकाईने बघतात. त्यांनी वनस्पतींचे प्रत्येक आणि साधारण असे भेद केले. प्रत्येकात एका शरीराचा एक जीव, साधारणात एकाच शरीरात अनंत जीव. आणि तोडल्यावर पुन्हा रुजणं हे साधारणाचं एक लक्षण मानलं. कंदमुळं न खाण्यामागे हा विचार आहे.

पण माझ्या कामी आला तो 'मिलिंदपञ्हा'तला नागसेन. त्याचा दृष्टान्त असा: एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मी याचे आंबे घेतलेच नाहीत. याने जमिनीत लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजा मिलिंदही कबूल करतो की चोर सुटणार नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्यांच्या आधाराने आले. तेच नाहीत, आणि त्यांच्याशी संबंध नाही असंही नाही. बरं, आंबा कोयीतून येतो, कोयीत दुसऱ्या झाडाचा परागही असतो. माझ्या ठोंबात दुसरं कोणी आलेलंच नाही. बीज नाही, पराग नाही. बाबांच्या वाफ्यातला धुमारा पुढे सरकत राहिला आणि मधे मी चार-पाच वेळा कोयता चालवला, एवढंच. टाकून दिलं ते मधलं लाकूड. मी ज्याला मूळ समजत होतो ते संपलेलं होतं, चालू होती ती कड. तेव्हा "आहे" म्हणालो ते खोटं नव्हतं, असं मला वाटतं. 'तेच आहे' असं म्हणालो असतो तर मात्र तुम्ही मला धरलं असतं, आणि बरोबर धरलं असतं.

शिमग्यानंतर तीन कोंबांचा एक तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून मी स्वतः एसटीने पुण्याला नेला. तिची गॅलरी सहाव्या मजल्यावर, पश्चिमेची. बारा इंची कुंडी, तळाला भोकं मोठी करून घेतली, निम्मा मुरूम घरूनच नेला होता. गॅलरीतला दिवा सप्टेंबरनंतर रात्री बंद ठेवायचा, हे दोनदा सांगून आलो. पंधरा दिवसांनी फोटो आला. दोन कोंबांना नवी पानं आहेत, तिसरा वाळलेला दिसतोय. ती उपटू का विचारत होती. एवढ्यात नको असं कळवलंय, कधी कधी खालून फुटतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.