वळणाचा हिशेब: अँबॅसिडर ते अवंती

सुरतेत डुमस रस्त्यावरून एखादी परदेशी स्पोर्ट्‌स कार गेली की पोरं विचारतात, ‘किती पळते?’ ‘वळते किती?’ असं कुणी विचारत नाही. अन् गेल्या साठ वर्षांत सगळ्यात चिवट ठरलाय तो वळणाचाच आकडा.

वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या म्हणजे आडवा प्रवेग. गुरुत्वाच्या मापाने मोजला की ‘जी’. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला पाव जी, ८० ला पुरता एक. वेग दुप्पट, ओढ चौपट. सापुताऱ्याच्या घाटाने वणीच्या गडाला जाणाऱ्या इथल्या खानदेशी मंडळींना हे अनुभवाने ठाऊक आहे. पाव जीलाच मागच्या सीटवरची पोरं एकमेकांवर कलंडतात.

अँबॅसिडर-फियाटच्या काळात टायर क्रॉस-प्लाय. वळणावर त्यांची बाजू दुमडायची, रस्त्याला टेकलेला पट्टा उचलला जायचा. हे टाळणारा रेडियल टायर मिशेलिनने १९४० च्या दशकातच आणला होता. भारतात जेके टायरने तो १९७७ मध्ये बनवला. साध्या गाडीच्या वळणात पडलेला सर्वांत मोठा फरक, माझ्या मते, हाच. इंजिनाला उगाच श्रेय मिळतं.

१९९८ मध्ये गोव्याची सॅन स्टॉर्म आली: फायबरग्लासची बॉडी, दोन सीट, रेनॉचं छोटं इंजिन. ताकद बेताची म्हणून लोक हसले. पण गाडी बुटकी होती, आणि वळणावर उंचीच नडते. उंच गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि टायरवर भार वाढला तरी त्या प्रमाणात पकड वाढत नाही. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती दिसली, तिचं इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मध्याजवळ. वजन मधोमध असलं की नाक चटकन वळतं.

तरी रस्त्याच्या टायरवरची चांगली स्पोर्ट्‌स कार आजही एक जीच्या आसपासच असते. पकड ०.८ वरून १ वर गेली, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढली, तरी वळणाचा वेग वाढतो जेमतेम १२ टक्के. वर्गमूळ भलतंच कंजूष.

शर्यतीवाल्यांनी त्यातून वाट काढली ती हवेतून. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पंख लागले, १९७८ मध्ये लोटस ७९ ने गाडीच्या तळाखालची हवाच कामाला लावली. वजन न वाढता टायरवरचा दाब वाढला, तोही वेगाच्या वर्गाने. म्हणून आजच्या फॉर्म्युला वन गाड्या वेगवान वळणांवर चार-पाच जी सहज काढतात.

दुसरी वाट रस्ताच कलता करण्याची. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची धावपट्टी आहे. २९ जून २०२१ रोजी प्रकाश जावडेकरांनी तिचं उद्घाटन केलं. तिच्या कलत्या वळणांवर ताशी २५० ला टायरवर आडवा ताण जवळजवळ उरत नाही.

घाटात यातलं काही हाताशी नसतं. ओल्या डांबरावर पकड निम्मी झाली, तर वळणाच्या वेगाची मर्यादा सुमारे ३० टक्क्यांनी खाली येते. पावसाळ्यात वणीला निघालात, तर एवढा आकडा लक्षात असू द्या.